२१ महिने, ५,३०० किलोमीटर : बिनलायसनच्या चिनी ई-स्कूटरचा माझा हिशेब

फेब्रुवारी २०२४ मध्ये गाडी घेतली तेव्हा दुकानदाराने एकच गोष्ट तीनदा सांगितली, "ताई, वीस पैशात एक किलोमीटर." आज २१ महिने झाले. मीटरवर ५,३०० किलोमीटर पडलेत आणि गाडीवर गेलेला पैसा न् पैसा मापांच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिलेला आहे. माझ्यासारख्या कुणी बाई ही गाडी घ्यायचा विचार करत असतील तर त्यांना तो आधी कळावा म्हणून लिहिते.

मी साताऱ्यात गोडोलीला राहते आणि राजवाड्याजवळ शिवणकामाचं दुकान चालवते. वाटेतली कामं धरून रोजचे साडेआठ किलोमीटर होतात. लायसन नाही, आणि चाळिशी उलटल्यावर पेट्रोलची जड गाडी शिकायचं धाडस होत नव्हतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, मोटर २५० वॉटच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल तर त्या गाडीला मोटार वाहन धरत नाहीत. म्हणून लायसन नाही, नंबर प्लेट नाही, विम्याची सक्ती नाही. ५४,००० रुपयांत गाडी दारात आली.

नाव देशी आहे. पण चार्जर उलटा केला तर खाली चिनी अक्षरं आणि रोमन लिपीत 'वूशी' लिहिलेलं दिसतं. चीनमधलं हे शहर ई-स्कूटरच्या कारखान्यांसाठी ओळखलं जातं. सुटे भाग तिकडून येतात, इथे जोडणी होते आणि वर स्टिकर लागतं. अगदी हाच सांगाडा, हाच दिवा, हेच हँडल मी साताऱ्यात तीन वेगवेगळ्या नावांनी फिरताना पाहिलंय. यात एक फायदा आहे, तो पुढे सांगते.

पहिलं वर्ष खरंच सुखात गेलं. आवाज नाही, धूर नाही. पुढच्या मोकळ्या जागेत कापडांची दोन गाठोडी आरामात बसतात. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे चढ लागतो तिथे वेग बारा-तेरावर येतो, मागे कुणी बसलं तर गाडी अडखळते. उतरताना काही प्रश्न नाही. 'एका चार्जमध्ये ८० किलोमीटर' सांगितलं होतं, साताऱ्याच्या चढाला ती ४० जाते. विजेचा हिशेब असा: पाच बॅटऱ्या मिळून ६० व्होल्ट, २८ अँपिअर-तास, म्हणजे पावणेदोन युनिटच्या आत. चार्ज करताना काही वीज वाया जाते, ती धरून दोन युनिट. आमच्या बिलात शंभरच्या वरचं युनिट सगळे आकार आणि १६ टक्के वीजशुल्क मिळून तेरा रुपयांच्या पुढे पडतं. म्हणजे किलोमीटरला सत्तर पैसे. वीस पैसे नाही, पण पेट्रोलच्या गाडीला सव्वादोन रुपये लागतात, तेव्हा माझी तक्रार नव्हती.

जून २०२५ मध्ये चार्जरचा दिवा हिरवा व्हायचा बंद झाला. रात्री दहाला लावला तर सकाळी सहाला लालच. चार्जर हात लावू नये इतका तापलेला आणि पोर्चमध्ये नासक्या अंड्यासारखा वास. गाडी पंधरा किलोमीटरवर दम टाकायला लागली. जिथून घेतली त्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात. शेवटी ई-रिक्षा दुरुस्त करणाऱ्या एका मेस्त्रींकडे नेली. त्यांनी पाय ठेवायची पाटी काढली. आत बॅटऱ्यांचे पाच काळे डबे ओळीने बसवलेले, जाड लाल तारांनी एकमेकांना जोडलेले. चौथ्याचं पोट दोन्ही बाजूंनी फुगून शेजारच्याला टेकलेलं. मेस्त्रींनी मीटरच्या दोन सुया एकेका डब्यावर टेकवल्या. १३.०, १२.९, १३.०, मग चौथ्यावर १०.८.

"ताई, एक सेल गेलाय," ते म्हणाले आणि मला नीट समजावून सांगितलं. माझ्या गाडीतल्यासारख्या बारा व्होल्टच्या लेड-ॲसिड (शिसं आणि आम्लाच्या) बॅटरीत दोन-दोन व्होल्टचे सहा सेल असतात. त्यातला एक मेला की दोन व्होल्ट जातात. पण चार्जर ७३ व्होल्ट गाठायलाच बसलेला असतो, त्याला आतलं काही कळत नाही. मग मेलेल्या सेलचा वाटाही तो बाकीच्यांच्या माथी मारतो आणि चांगले डबे तापून फुगतात. म्हणजे मी महिनाभर रात्र-रात्र चार्जर लावून ठेवत होते, त्यात उरलेल्या चारांचंही आयुष्य जळत होतं. हे दुकानदाराने गाडी देताना सांगायला हवं होतं. कुणीही सांगत नाही.

माझीही एक चूक आहे. मे महिन्यात तीन आठवडे माहेरी गेले, तेव्हा गाडी जवळजवळ रिकामी ठेवून गेले. लेड-ॲसिड बॅटरी रिकामी पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो आणि तो पुन्हा सहसा निघत नाही.

एकच डबा बदलावा म्हटलं तर मेस्त्रींनीच नको सांगितलं. जुन्यात नवा घातला की तो जुन्यांच्या ओढाताणीत लवकर जातो. पूर्ण सेट १७,५०० रुपये, जुन्याचे ३,५०० वजा, म्हणजे १४,००० रोख. गाडी घेताना जीएसटी पाच टक्के होता, सुट्या बॅटरीवर तेव्हा २८ टक्के लागला. (२२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झाला.) ई-गाड्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या फेम-२ योजनेचं अनुदान लेड-ॲसिडच्या गाड्यांना नव्हतंच.

आता वहीतला हिशेब पाहा. पहिला सेट ४,००० किलोमीटर चालला. चौदा हजारांना चार हजारांनी भागलं की साडेतीन रुपये येतात. वीज सत्तर पैसे, बॅटरी साडेतीन रुपये. या गाडीचं खरं पेट्रोल बॅटरी आहे आणि ते आपण दीड वर्षाचं एकदम भरतो, म्हणून रोज दिसत नाही. वीस पैशांच्या गोष्टीत हेच लपवलं जातं, आणि त्याचा मला मनापासून राग आहे, कारण या गाड्या ज्यांच्याकडे चौदा हजार एकदम नसतात त्याच बाया घेतात.

बाकीचे खर्च त्यामानाने किरकोळ. पहिल्या पावसात कंट्रोलरमध्ये (मोटरला वीज सोडणाऱ्या डबीत) पाणी गेलं, मजुरी धरून २,२०० रुपये. इथे तो मघाचा फायदा कामी आला: सगळ्या गाड्यांचे आतले भाग जवळपास सारखेच, मोटरच्या पिवळ्या-हिरव्या-निळ्या तीन तारा, त्याच धाटणीचे जोड, त्यामुळे दुसऱ्याच नावाचा कंट्रोलर बसला. चार्जरचा पंखा २५०. ब्रेक लायनर आणि पंक्चर मिळून ६५०. पंक्चरवाले मागचं चाक खोलायला तयार नसतात, कारण मोटर चाकातच आहे आणि तार तुटायची भीती. टायर ट्यूबलेस असल्याने चाक न काढता काम होतं, घेताना हे नक्की विचारा. डाव्या बाजूचा प्लास्टिकचा पत्रा तुटला, तो मात्र नवा कुठेच मिळाला नाही, म्हणून तुटलेलाच तारेने बांधलाय.

वीज ३,७०० धरली तर २१ महिन्यांत गाडीच्या किमतीशिवाय २०,८०० रुपये गेले. मी आधी शेअर रिक्षाने जायचे, जाऊन-येऊन ४० रुपये. त्याचे याच काळात बावीस हजारांच्या आसपास झाले असते. म्हणजे पैशाची बचत म्हणावी अशी झालीच नाही. तरी मी गाडी विकणार नाही. लग्नसराईत रात्री साडेआठला दुकान बंद करते, तेव्हा रिक्षा भरेपर्यंत नाक्यावर वीस-वीस मिनिटं उभं राहावं लागायचं. आता पावणेनऊला मी घरी असते आणि भाकरी ताटात गरम पडते. हे मला मोलाचं आहे. ज्यांचं घर-दुकान सपाटीला आहे त्यांची बॅटरी माझ्यापेक्षा जास्त टिकेल.

दोन गोष्टी करू नका. दुकानात "वेगाचं लॉक काढून देतो, चाळीसने पळेल" म्हणतात. ते काढलं की कायद्याने ती मोटार वाहन होते आणि आपल्याकडे लायसन, नोंदणी, विमा यातलं काहीच नसतं. शिवाय जास्त ओढीने बॅटरी लवकर जाते. आणि बॅटरीच्या नुसत्या 'ग्राफीन' नावाला भुलू नका, मला त्या नावाने दाखवलेला सेट लेड-ॲसिडचाच होता. लिथियमच्या बॅटरीची चौकशी केली तेव्हा तीस हजारांच्या आसपास सांगितले, चार्जरही वेगळा. ज्या गाडीचा पत्रा मिळत नाही तिच्यात तेवढे घालायला मन धजलं नाही.

नव्या सेटला पाच महिने झाले. घरी आल्यावर अर्धा तास गार होऊ देते, रोज चार्ज करते, निम्म्याखाली जाऊ देत नाही, दिवा हिरवा झाला की काढते. चारशे रुपयांचा मीटर घेतलाय. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी पाटी काढून पाचही डबे मोजते आणि वहीत लिहिते. १ नोव्हेंबरचे आकडे: १३.०, १३.०, १२.९, १३.०, १२.९.