पानावरचा रोग ओळखायला कार्ड कुठलं: एनव्हिडिया, एएमडी की इंटेल?

द्राक्षाच्या पानाचा फोटो बघून डाउनी की भुरी, यांतला रोग कुठला हे सांगणारं एआय मॉडेल घरच्या पीसीवर शिकवायचंय, ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ? नाशिकला इंजिनिअरिंग करणारी निफाड-पिंपळगावकडची मुलं मला हेच विचारतात. वडिलांनी द्राक्षं विकून दिलेले पैसे असतात, म्हणून नीट सांगतो.

आधी कार्डावरची मेमरी. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय आणि एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी, दोन्ही ८ आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत मिळतात. नाव तेच! त्यामुळे एमजी रोडला दर विचारताना जीबीचा आकडा आधी सांगा आणि पैसे देण्यापूर्वी खोक्यावरचा वाचा. इंटेलच्या आर्क बी५८० वर १२ जीबी आहे. पानांच्या फोटोंना रेसनेट-५० सारखं चित्रं ओळखणारं मॉडेल पुरतं. त्यात जेमतेम अडीच कोटी पॅरामीटर (मॉडेल शिकताना ठरवतं ते आकडे) असतात, १२ जीबीत ते आरामात मावतं. पण शेतकऱ्याला मराठीत उत्तर देणारं ७ अब्ज पॅरामीटरचं भाषा-मॉडेल चालवायचं असेल, तर दर पॅरामीटरला १६ बिट धरून त्याला १४ जीबी नुसते भरायलाच लागतात. ४ बिटवर आणलं तर साडेतीन-चार जीबी.

उत्तर किती भराभर उमटतं, ते बरंचसं मेमरीच्या वेगावर ठरतं. बी५८० सेकंदाला ४५६ जीबी, ५०६० टीआय ४४८, ९०६० एक्सटी सुमारे ३२०. बाजारात आली तेव्हाच्या किमती: बी५८० २४९ डॉलर, १६ जीबीचं रेडिऑन (म्हणजे एएमडीचं ९०६० एक्सटी) ३४९, १६ जीबीचं ५०६० टीआय ४२९.

आकड्यांत इंटेल सरस दिसतं. तरी प्रोजेक्टची तारीख डोक्यावर असलेल्या मुलाला मी एनव्हिडियाच सांगतो. कुडा, म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डावर असली गणितं चालवणारं सॉफ्टवेअर, २००७ पासून आहे आणि संशोधकांचा बहुतेक कोड आधी त्यावरच चालवून पाहिलेला असतो. अडलात तर उत्तरही लगेच सापडतं. लिनक्सची सवय आहे, हाताशी वेळ आहे आणि मुख्यतः तयार मॉडेल चालवायचं आहे, तर रेडिऑन घ्या. मात्र नेमकं तेच कार्ड आरओसीएमच्या (एएमडीचं कुडासारखं सॉफ्टवेअर) अधिकृत यादीत आहे ना, हे आधी तपासा.

फक्त पानांचंच काम असेल तर बी५८० मला आवडतं. मॉडेल शिकवायला वापरतात ते पायटॉर्च सॉफ्टवेअर इंटेलच्या कार्डांवर चालतं. पण या कार्डाला मदरबोर्डवर रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो, तो नसेल तर वेग बराच पडतो. जुना पीसी असेल तर दुकानात जाण्याआधी घरी बायोस (पीसी सुरू होताना उघडणारी सेटिंग) उघडून तो पर्याय शोधा.