पहिली युद्धनौका: सातशेची की साडेतीनशेची?

माझा भाचा कराडला इंजिनिअरिंग शिकतो. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला, "मामा, प्लास्टिकचे भाग जोडून जहाजाचं पहिलंच मॉडेल करणार आहे. सातशेचं मागवू की साडेतीनशेचं?" फोनवर दोन-चार गोष्टी सांगितल्या, पण समाधान झालं नाही. हाच प्रश्न घेऊन अडून बसलेले आणखीही असतील, म्हणून सावकाश लिहितो. मी साताऱ्यात शाहूपुरीत राहतो, माडीवरच्या खिडकीशी टेबल आहे, आणि दोन्ही मापांची जहाजं कपाटात शेजारी शेजारी उभी आहेत.

आधी मापाचं. सातशेचं म्हणजे १/७००, खऱ्या जहाजाचे सात मीटर मॉडेलवर एक सेंटिमीटर होतात. जपानमधल्या शिझुओका शहरातल्या कंपन्यांनी १९७१ मध्ये एकत्र येऊन या मापात जहाजांची मालिका सुरू केली, आणि तेव्हापासून सर्वांत जास्त निवड याच मापात मिळते. यातली बरीचशी जहाजं पाण्याच्या रेषेपाशी सपाट कापलेली असतात, म्हणजे टेबलावर ठेवली की समुद्रात तरंगल्यासारखी दिसतात. साडेतीनशेची, म्हणजे १/३५० मापाची, बहुतेक पूर्ण तळासकट येतात आणि स्टँडवर उभी राहतात. लांबी दुप्पट झाली की रंगवायचा पृष्ठभाग चौपट होतो, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. सातशेच्या जहाजाला जो रंग एक बाटली लागतो, तो साडेतीनशेला चार.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. नुसत्या मापाची तुलना करून निर्णय चुकतो. माझ्या कपाटात जपानची दुसऱ्या महायुद्धातली युद्धनौका 'यामातो' सातशेच्या मापात आहे आणि अमेरिकेची फ्लेचर वर्गातली विनाशिका साडेतीनशेच्या. यामातो प्रत्यक्षात २६३ मीटर लांब होती, मॉडेल होतं साडेसदतीस सेंटिमीटर. फ्लेचर जेमतेम ११५ मीटर, ते मॉडेल होतं तेहतीस सेंटिमीटर. म्हणजे कपाटात जागा जवळपास तेवढीच. यामातोला मला पाच महिने लागले, फ्लेचरला सात आठवडे. जहाज कोणतं, हे आधी ठरवा, माप त्यानंतर.

यामातोत वेळ कुठे जातो? १९४५ च्या एप्रिलमधल्या तिच्या रूपात २५ मिलिमीटरच्या विमानविरोधी तोफांच्या नळ्याच दीडशेच्या घरात होत्या. त्यातल्या बहुतेक तिहेरी, म्हणजे बाजरीच्या दाण्याएवढा तोच तो तुकडा कापा, घासा, चिकटवा, आणि पुन्हा तेच. त्यात डेक लाकडी. लाकडाचा पिवळट रंग आधी द्यायचा, मग त्यावर टेपच्या बारीक पट्ट्या लावून बाकीचा करडा रंग मारायचा, आणि प्रत्येक खांबाशी, प्रत्येक झडपेशी ती टेप कोपऱ्यात बसवायची. पहिल्याच जहाजाला हे काम घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांची खोकी अर्धी उघडी माळ्यावर पडून आहेत आणि त्यांचा छंदही तिथेच थांबला. हे मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यातल्या दोघांचे हात माझ्यापेक्षा चांगले होते.

फ्लेचरचं तसं नाही. या वर्गाच्या १७५ विनाशिका बांधल्या गेल्या. पाच तोफा, प्रत्येक ५ इंची, टॉर्पेडो सोडायच्या दहा नळ्या, दोन धुराडी, आणि डेक पोलादी. पोलादी डेक म्हणजे रंगही साधा. त्या काळच्या 'मेजर २१' या रंगयोजनेत उभे पृष्ठभाग सगळे गडद नेव्ही ब्लू आणि आडवे पृष्ठभाग डेक ब्लू, झालं. 'मेजर २२' मध्ये खाली नेव्ही ब्लू, वर फिकट करडा, आणि मधली सीमारेषा पाण्याला समांतर सरळ. पहिल्या जहाजासाठी याहून सोयीचं मी पाहिलेलं नाही.

आता विनाशिकाच घ्यायची असं ठरलं, तर सातशे की साडेतीनशे? इथे भाच्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू होतो.

मोठं म्हणजे सोपं, असं सगळ्यांना वाटतं. अर्धंच खरं आहे ते. सातशेच्या मापात माणूस अडीच मिलिमीटरचा होतो, तिळापेक्षाही लहान. पाच इंची तोफेची नळी सात मिलिमीटर भरते. चिमट्यातून उडाली की गेली. मी मांडीवर जुनं पांढरं धोतर पसरून बसतो, तरीही तुकडा जमिनीवर गेलाच तर कोपरे झाडून सगळा केर पिठाच्या चाळणीतून चाळतो. दहातल्या आठ वेळा सापडतो. साडेतीनशेला हा त्रास निम्म्याने कमी. चाळिशी ओलांडलेल्यांनी ही एक गोष्ट नीट मोजावी.

उलट बाजू कठड्यांची. खऱ्या जहाजावर डेकच्या कडेने मीटरभर उंचीचा तारांचा कठडा असतो. सातशेत तो १.४ मिलिमीटर होतो आणि त्यातली तार तर केसाहून बारीक व्हायला हवी, जी कुणीच बनवू शकत नाही. त्यामुळे सातशेच्या जहाजाला कठडा लावलाच नाही तरी डोळ्याला खटकत नाही. साडेतीनशेत कठडा होतो जवळजवळ तीन मिलिमीटर, आणि तो नसला की डेक उघडाबोडका दिसतो. म्हणजे साडेतीनशे घेतलं की पितळी पत्र्यातून कोरलेले भाग वेगळे मागवणं आलं. खर्च वाढतो तो एक भाग. खरी कसोटी हाताची. पितळ प्लास्टिकच्या सिमेंटने चिकटत नाही, त्याला फेविक्विकसारखा झटपट गोंद लागतो, आणि चुकलं तर सरकवायला दुसरी संधी मिळत नाही. मी टाचणीच्या टोकावर थेंब घेतो आणि दर तीन-चार सेंटिमीटरवर एकेक ठिपका देतो. नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, कठडा वळवायचा असेल तर पितळ आधी मेणबत्तीवर तापवून गार करून घ्यावं. मऊ पडतं, वाकवलं की तसंच राहतं. हे करायला मला मजा येते. ज्याला येणार नाही त्याने साडेतीनशेच्या वाटेला एवढ्यात जाऊ नये.

दोरखंड आणि तारा मात्र दोन्ही मापांत फुकट बनतात. किटमधले भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात, त्या चौकटीचा बोटभर तुकडा मेणबत्तीच्या बाजूला, ज्योतीत न घालता, फिरवत धरायचा. मध्ये चकाकी आली आणि प्लास्टिक लवलं की बाहेर काढून एक श्वास थांबायचं आणि मग दोन्ही हातांनी अलगद ओढायचं. जितकं सावकाश ओढाल तितकी तार जाड, झटकन ओढलं की केसासारखी. पहिल्या दहा तुटतात, अकरावी हातभर निघते. डोलकाठीवर ती लावून झाल्यावर जळती उदबत्ती जवळ नेली, न टेकवता, की ढिली तार ताठ होते. प्रत्येक वेळी ते बघताना मी अजूनही श्वास रोखून धरतो.

रंगाच्या बाबतीत आपलं हवामान फार महत्त्वाचं आहे, आणि परदेशी सल्ल्यात ते कुठेच नसतं. सातशेच्या विनाशिकेची बाजू जेमतेम वीतभरही नसते, ती चांगल्या ब्रशने पातळ रंगाचे तीन हात देऊन गुळगुळीत होते. साडेतीनशेची बाजू फूटभराहून लांब, एकाच गडद रंगाची. तिथे ब्रशच्या रेघा लपत नाहीत. म्हणजे एअरब्रश आणि कॉम्प्रेसर, निदान प्रायमरचा स्प्रे कॅन तरी हवाच. आणि फवारणीला साताऱ्याचा पावसाळा चालत नाही. माझी सोपी खूण आहे: अजिंक्यताऱ्यावर ढग उतरलेले दिसले की त्या दिवशी फवारणी बंद. हवेतल्या ओलाव्याने लॅकर रंगावर पांढरट झाक येते आणि कॉम्प्रेसरच्या नळीतून पाण्याचे थेंब थेट जहाजावर पडतात. एका जुलैत मी हट्टाने क्रूझरचा तळ फवारला होता, सकाळी तो भुरकट दुधाळ होऊन बसला. सगळा घासून पुन्हा केला.

ब्रशने ॲक्रिलिक लावणाऱ्याला मात्र हाच पावसाळा सोयीचा. रंग सावकाश सुकतो, कडा विरघळून एकजीव होतात. एप्रिल-मेमध्ये तोच रंग ब्रशच्या टोकावरच गोळा होतो. तेव्हा डब्याच्या झाकणात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग, असं केलं की तासभर ओला राहतो. थोडक्यात, जूनमध्ये सुरुवात करणार असाल तर सातशे, दिवाळीनंतर करणार असाल तर साडेतीनशेचा विचार करा.

इनॅमल की ॲक्रिलिक, यावर फार शब्द खर्च करत नाही. इनॅमल ब्रशने सुंदर बसतं, पण सुकायला दिवस घेतं आणि टर्पेंटाइनचा वास घरभर. वसतिगृहाच्या खोलीत ॲक्रिलिकच. त्यावर शेवटी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला तपकिरी ऑइल कलर कोपऱ्यांतून सोडला की उंचसखलपणा दिसू लागतो, आणि खालचं सुकलेलं ॲक्रिलिक हलत नाही. गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला एनसी थिनर मात्र प्लास्टिकला लावू नका. त्यात प्लास्टिक विरघळतं. एक तोफबुरूज मी असा हातात मऊ झालेला पाहिला आहे. गंजाचे ओघळही आवरते घ्या. नौदलाचे लोक सतत रंग खरवडून नवा देत असतात, युद्धनौका भंगारातल्या बोटीसारखी दिसत नाही.

नेव्ही ब्लूसाठी मी अल्ट्रामरीन, काळा आणि पांढरा मिसळतो, आणि सातशेसाठी त्यात थोडा जास्त पांढरा घालतो. लहान मॉडेलवर मूळचा रंग आहे तसा लावला तर जहाज काळं आणि खेळण्यासारखं दिसतं.

साडेतीनशे घेतलंत तर तळही रंगवायचा आहे. तळाचा तांबडा रंग खऱ्या जहाजांवर शोभेसाठी नव्हता. शिंपले आणि शेवाळ धरू नये म्हणून लावायच्या रंगात तांब्याचा ऑक्साइड असे, त्याचाच तो रंग. तांबडा आणि त्याच्या वरचा रंग यांच्यामध्ये काळा पट्टा, आणि हा पट्टा वाकडा झाला की सगळ्या कामावर पाणी. माझी पद्धत अशी: जहाज स्टँडवर पक्कं बसवायचं, पुस्तकांची चवड करून तिच्यावर आडवी पेन्सिल दोऱ्याने बांधायची, टोक बरोबर पाण्याच्या रेषेशी आणायचं, आणि चवड जहाजाभोवती सरकवत न्यायची. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत रेघ सारखी उमटते, मग तिच्यावर टेप. 'मेजर २२' ची वरची सीमाही अशीच, फक्त पुस्तकं वाढवायची. सातशेच्या सपाट तळाच्या जहाजाला तांबड्या तळाची ही कसरत नाही. त्याऐवजी टिश्यू पेपर चुरगळून पातळ फेविकॉलने पुठ्ठ्यावर बसवा, सुकल्यावर निळा-हिरवा रंग द्या, शेंड्यांवर पांढरा टेकवा, वरून चकचकीत वॉर्निश. समुद्र तयार.

पैशाचं म्हणाल तर किटची किंमत दिसते तेवढाच खर्च धरू नका. साडेतीनशेला पितळ, प्रायमर, एअरब्रश आणि शेवटी काचेची पेटी धरली तर सातशेच्या चार-पाच जहाजांचा खर्च एका जहाजात जातो. साताऱ्यात किटचं दुकान मला सापडलेलं नाही, पुण्या-मुंबईहून किंवा ऑनलाइन मागवावं लागतं. काचेची पेटी दोन्ही मापांना हवी. तारांवर बसलेली धूळ निघत नाही.

भाच्याच्या मनात खरं तर तिसरंच जहाज आहे, आणि ते मला ठाऊक आहे. त्याचे आजोबा, म्हणजे माझे वडील, आयएनएस 'दिल्ली'च्या इंजिनरूममध्ये होते. ही मूळची ब्रिटिश क्रूझर 'अकिलीस'. १३ डिसेंबर १९३९ ला रिव्हर प्लेटच्या लढाईत 'एक्सेटर' आणि 'एजॅक्स'बरोबर तिने जर्मनांच्या 'ग्राफ श्पे' या युद्धनौकेला तोंड दिलं. १९४८ मध्ये ती आपल्याकडे आली, १९६१ च्या गोवा मुक्तीत होती, १९७८ ला निवृत्त झाली. एअरफिक्स कंपनीचं 'एजॅक्स'चं जुनं किट १/६०० मध्ये आहे, आणि 'एजॅक्स' ही हिची सख्खी बहीण, म्हणजे त्याच वर्गातली. पण महायुद्धातच 'अकिलीस'चा मागचा एक तोफबुरूज उतरवून तिथे विमानविरोधी तोफा बसवल्या होत्या, म्हणून 'दिल्ली'वर ६ इंची तोफा आठऐवजी सहाच. तो बुरूज काढून तिथलं सगळं प्लास्टिकच्या पत्र्यातून स्वतः घडवायचं, फोटो पाहून डोलकाठ्या बदलायच्या. हे पहिल्या हाताचं काम नाही.

तेव्हा त्याला मी सांगितलंय: खोलीत तिघं राहता, एअरब्रश नाही, आणि पाऊस तोंडावर आहे. फ्लेचर घे, सातशेची, साडेसोळा सेंटिमीटर. ब्रशने रंगव, कठडे लावू नकोस, तारा मात्र ओढ. गणपतीत साताऱ्याला येताना घेऊन ये. दिवाळीनंतर माझ्या कॉम्प्रेसरवर साडेतीनशेची करू, दोघं मिळून. आणि 'एजॅक्स'चं खोकं माझ्या कपाटात वरच्या फळीवर आहे, आजोबांच्या नौदलातल्या फोटोंच्या पाकिटाबरोबर. अजून सील फोडलेलं नाही.