निनावी लेखनावर कायद्याने बंदी हवी का? दक्षिण कोरिया आणि जर्मनी यांचे दोन मार्ग

समाजमाध्यमांवर खोट्या नावाआडून होणारी शिवीगाळ, बदनामी आणि विशेषतः स्त्रियांना मिळणाऱ्या धमक्या पाहिल्या की, प्रत्येकाला खऱ्या नावानेच लिहायला भाग पाडावे ही मागणी मनाला पटते. त्यामागचा संताप रास्त आहे. तरीही तिला पाठिंबा द्यायचा की नाही हे ठरवण्यापूर्वी दोन देशांचे अनुभव शेजारी ठेवून पाहावेत, कारण दक्षिण कोरियाने ओळखीची सक्ती करून पाहिली आणि जर्मनीने टोपणनावाला कायद्यातच जागा दिली.

दक्षिण कोरियात जुलै २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर काही लिहायचे तर आधी ओळख पडताळून घ्यावी लागे आणि त्यासाठी प्रामुख्याने नागरिकाचा १३ अंकी नोंदणी क्रमांक वापरला जाई. वाचकांना टोपणनाव दिसले तरी चालत असे, मात्र लिहिणारा कोण आहे हे संकेतस्थळाला ठाऊक असले पाहिजे, असा हा नियम होता. ऑक्टोबर २००८ मध्ये अभिनेत्री चोई जिन-सिल यांचा मृत्यू झाला. त्याआधी त्यांच्याविषयी इंटरनेटवर अफवा पसरल्या होत्या, त्यामुळे हळहळलेल्या समाजातून कायदा अधिक कडक करण्याची मागणी झाली आणि २००९ मध्ये दिवसाला १ लाख वाचक असलेली संकेतस्थळेही नियमाखाली आली. ओळखीची सक्ती त्या दुर्दैवी घटनेच्या वेळीही लागू होती, ही गोष्ट मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत बोलकी वाटते. त्याच वर्षी यूट्यूबने ओळख तपासण्याऐवजी आपल्या कोरियन आवृत्तीवर चित्रफिती चढवण्याची आणि प्रतिक्रिया देण्याची सोयच बंद केली; वापरकर्त्यांनी देशाच्या रकान्यात दुसरा देश निवडला की त्यांना ती पुन्हा मिळत असे.

ओळखीची माहिती संकेतस्थळांकडे साठवल्याची खरी किंमत पुढे मोजावी लागली. जुलै २०११ मध्ये ‘नेट’ (Nate) आणि ‘सायवर्ल्ड’ या दोन लोकप्रिय सेवांवर सायबर हल्ला होऊन सुमारे ३.५ कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली, आणि तीही जेमतेम ५ कोटी लोकसंख्येच्या देशात. २३ ऑगस्ट २०१२ रोजी तेथील घटनात्मक न्यायालयाने हा नियम एकमताने घटनाबाह्य ठरवला. बेकायदा मजकूर लक्षणीय कमी झाल्याचे दिसत नाही आणि लोक मात्र परदेशी संकेतस्थळांकडे वळले, असे न्यायालयाने नमूद केले.

जर्मनीत २००७ च्या कायद्याने उलट अपेक्षा ठेवली: तांत्रिकदृष्ट्या शक्य आणि व्यवहार्य असेल तेथे सेवा निनावी किंवा टोपणनावाने वापरू द्यावी. फेसबुकच्या खऱ्या नावाच्या अटीविषयी जानेवारी २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने जुन्या खात्यांपुरता असा निकाल दिला की, नोंदणीच्या वेळी कंपनीला खरे नाव सांगावे लागले तरी इतरांसमोर टोपणनाव वापरण्याची मुभा असली पाहिजे. याचा अर्थ तेथे द्वेषाला मोकळे रान मिळाले असा नाही. २०१७ च्या कायद्याने मोठ्या समाजमाध्यमांना, तक्रार आल्यावर उघडउघड बेकायदा मजकूर सहसा २४ तासांत काढण्यास बांधले आणि दंडाची मर्यादा ५ कोटी युरोपर्यंत नेली. अर्थात, दंडाच्या भीतीने कंपन्या वैध मजकूरही काढून टाकतील, हा या मार्गावरचा आक्षेप गंभीर आहे.

भारतापुरते बोलायचे, तर निनावी धमकी हा आपल्याकडे जुनाच गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ५०७ मध्ये आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये त्यासाठी वाढीव शिक्षा सांगितली आहे. म्हणजे उणीव कायद्याची नसून तपासाच्या वेगाची आणि सायबर पोलिसांच्या मनुष्यबळाची आहे. स्वतःच्या नावाने लिहिणाऱ्याचे काय होऊ शकते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना, मुंबईतील बंदविषयी एकीने फेसबुकवर लिहिले आणि दुसरीने ते पसंत केले, एवढ्यावरून अटक झाली. तेव्हा लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले खरे, पण तोवर अटक होऊन गेली होती. कार्यालयातील लैंगिक छळाविषयी लिहू पाहणारी कर्मचारी किंवा घरच्यांच्या धाकाखाली आंतरजातीय विवाहाबाबत सल्ला विचारणारा तरुण यांना अशा वातावरणात टोपणनावाखेरीज दुसरा आडोसा नसतो.

म्हणून सरसकट बंदीला माझा विरोध आहे. ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याने कोणताही मसुदा हाती आल्यावर लिहिणाऱ्यांच्या ओळखीची यादी कोणाकडे राहणार, ती किती काळ ठेवणार आणि न्यायालयाच्या आदेशाविना ती कोण उघडू शकणार, या तीन गोष्टी आधी तपासाव्यात. २०२१ च्या भारतीय नियमांनी ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांना खाते पडताळणीची सोय देण्यास सांगितले आहे, परंतु ती ऐच्छिक ठेवली आहे, आणि ती तशीच ऐच्छिक राहावी.