घरचा पर्जन्यमापक: एका पावसाळ्याच्या वापरानंतर

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या गच्चीवर मे महिन्याच्या अखेरीस साधा प्लॅस्टिकचा पर्जन्यमापक बसवला. आता थंडी पडायला लागलीय, म्हणजे मत द्यायला पुरेसा वापर झालाय.

वर नरसाळं, आत बारीक नळी, बाहेर मोठं भांडं. बस्स, एवढंच यंत्र. नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ नळीच्या दहापट असल्यामुळे एक मिलिमीटर पाऊस नळीत चांगला एक सेंटिमीटर चढतो आणि भुरभुरसुद्धा वाचता येते. पाण्याची कड नळीला चिकटून थोडी वर चढल्यासारखी दिसते. आकडा घ्यायचा तो मधल्या खोलगट भागाचा, डोळे पाण्याच्या पातळीला आणून. नोंद सकाळी साडेआठला करते, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस तिथेच संपतो आणि पेपरातल्या आकड्याशी ताळा घेता येतो. बसवताना टाकी, जिना, झाड यांच्यापासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब ठेवा.

या नळीमुळे मला खरं कळला तो आपल्या कृष्णा नदीचा स्वभाव. ऑगस्टमध्ये सलग काही दिवस नळीत जेमतेम चार-पाच मिलिमीटर, मध्येच लख्ख ऊन, आणि गावात मात्र एकच चौकशी: "आयर्विनला किती फूट?" म्हणजे आयर्विन पुलापाशी नदीचं पाणी किती चढलंय. सांगलीचा पाऊस वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटरच्या आसपास, तर कृष्णा जिथे उगम पावते त्या महाबळेश्वरात पाच हजारांच्याही वर. कोयना कऱ्हाडला येऊन मिळते, तिच्या धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट). खाली हरिपूरला वारणा. तिलाही पूर असला की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, इथेच फुगतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि धोक्याची पातळी आहे ४५. त्यामुळे आपल्या दारात पाऊस नाही म्हणून नदीकाठच्या लोकांनी निर्धास्त राहू नये, हे मी आता भेटेल त्याला सांगते. पुराचा अंदाज घ्यायचा तर वरच्या भागातल्या कोयना, नवजा, महाबळेश्वरच्या पावसाचे आकडे आणि धरणाचा विसर्ग बघायचा.

परतीच्या पावसाची तऱ्हा वेगळीच. तासगावला भावाची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरात छाटणी झाल्यावर त्याचा सकाळीच फोन: "ताई, तुमच्याकडं किती झाला?" आमच्याकडे तीस, त्याच्याकडे दोन! पाव्हणा पाऊस शिवार बघून पडतो. शेवटी त्यानंही बागेतच एक मापक रोवला, कारण दावण्या या बुरशीच्या रोगावरची फवारणी ठरवताना स्वतःच्या रानातला आकडा लागतो. हिशेबही सोपा आहे: एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. वीस मिलिमीटर झाला की एका गुंठ्यावर दोन हजार लिटर पाणी पडलं.

तक्रारी आहेत. नळीवरची छपाई उन्हानं फिकी पडली, मी वरून न पुसणाऱ्या शाईनं रेघा गिरवल्या. पट्टीचे स्क्रू गंजले. सुटी नळी मागितली तर कंपनीनं पूर्ण संच घ्यायला सांगितलं, हे अजिबात पटलं नाही. नरसाळ्यात पानं, चिमण्यांची घाण अडकते. आठवड्याला धुवावंच लागतं.

सांगली, मिरज, जतकडे लहान मापक पुरतो. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडच्यांनी मात्र नळी भरून वाहिलं तर जादा पाणी बाहेरच्या भांड्यात साठेल असाच घ्यावा, नाहीतर जुलैत एका रात्रीत मोजमाप हातचं जाईल.