मोठ्या आजारानंतर झोप गेली असेल तर सीबीटी-आयचा ऑनलाइन कोर्स: माझा रिव्ह्यू

आधीच सांगते, कोर्स घेण्यासारखा आहे, पण किमो वगैरे चालू असताना जसाच्या तसा घेऊ नका. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण सगळीकडे पद्धत साधारण तीच असते आणि मला बोलायचंय ते पद्धतीबद्दल.

सीबीटी-आय म्हणजे निद्रानाशासाठीची कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी. यात गोळी नसते, साधारण चार ते आठ सेशन असतात, माझे सगळे व्हिडिओ कॉलवर झाले आणि मधल्या दिवसांत अ‍ॅपवर झोपेची डायरी भरायची. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने 2016 साली सांगितलं की मोठ्या माणसांच्या जुनाट निद्रानाशावर औषधाआधी हाच उपचार करून बघा, तरी किती जणांना हे डॉक्टरकडून कळतं देव जाणे, मला कॅन्सरचे उपचार संपल्यावर खूप उशिरा कळलं.

पहिल्याच सेशनमध्ये थेरपिस्ट बाईंनी जे समजावलं त्यासाठीच मला हा कोर्स मोलाचा वाटतो. काहींची झोप मुळातच सावध असते, मग आजार येतो आणि ती उडवतो, आणि आजार सरला तरी ती परत येत नाही कारण आजारात लागलेल्या सवयी तशाच राहतात. आजारपणात पलंगावरच जेवण, पलंगावरच औषधं, फोन, भेटायला आलेली माणसं, दुखणं, रडणं, सगळं तिथेच, मग शरीराला कळणार कसं की इथे झोपायचं असतं? त्यात घरचे प्रेमाने म्हणत राहतात की पड जरा, आराम कर, आणि आपण रात्रीची झोप दिवसा तुकड्यातुकड्यांनी संपवतो.

यावरचा इलाज कठीण आहे हे लपवत नाही. समजा तुम्ही नऊ तास पलंगावर असता आणि झोपता साडेपाच तास, म्हणजे जेमतेम 61 टक्के वेळ झोप. मग पलंगावरचा वेळच कमी करतात, उठायची वेळ पक्की ठरवतात, आणि झोप साधारण 85 टक्क्यांवर गेली की पंधरा-पंधरा मिनिटं वाढवत नेतात. झोप येत नसेल तर उठून दुसरीकडे जाऊन बसायचं, पेंग आली की परत यायचं. सुरुवातीला दिवसा फार गळून जायला होतं, आणि कॅन्सरनंतरचा थकवा आधीच अंगात असतो. इथे थेरपिस्टनी वेळ एकदम न कापता हळूहळू कमी केला आणि दुपारी तीनच्या आत अर्धा तास पडायची परवानगी दिली, म्हणून मी टिकले.

आजार परत येईल का हा विचार रात्रीच छळतो, त्यावरही त्या नीट बोलल्या. भीती खोटी आहे असं एकदाही म्हणाल्या नाहीत, फक्त तिच्यासाठी संध्याकाळचा वेळ आणि एक वही ठरवून दिली. भीती गेली नाही, पण रात्री तिच्याशी वाद घालणं बरंच थांबलं.

आता तक्रार. अ‍ॅपवरचे रेकॉर्डेड व्हिडिओ धडधाकट नोकरदार माणसासाठीच बनवलेत, कॉफी कमी करा, मोबाइल लांब ठेवा एवढंच, आणि फॉर्ममध्ये औषधांचा कॉलमच नाही! किमोबरोबर डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड असतं, त्याने झोप उडते, त्याचा डोस सकाळी घेता येईल का हे डॉक्टरांना विचारायची गोष्ट आहे. हॉर्मोनच्या गोळ्यांनी रात्री अंगातून वाफा निघतात, लोह कमी असलं की पाय नुसते वळवळतात, दुखण्याने जाग येते, घोरताना श्वास अडकतो, यातलं काहीही डायरी भरून बरं होत नाही, त्याची तपासणी वेगळीच.

आणि फिट येणाऱ्यांनी किंवा बायपोलर असणाऱ्यांनी झोपेचा वेळ कापण्याचा प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये, गाडी चालवणाऱ्यांनीही जपून. झोपेची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने एकदम बंद करू नका, आणि मॉर्फीनच्या जातीचं पेनकिलर असताना झोपेची गोळी स्वतःहून चालूही करू नका, दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो.

माझी झोप आजाराआधीसारखी झालेली नाही, मधे जाग येते, पण आता परत लागते आणि संध्याकाळ झाली की पोटात गोळा येत नाही, माझ्यासाठी हे खूप आहे. पैसे भरण्याआधी दोन गोष्टी नक्की विचारा, जिवंत थेरपिस्ट बोलणार आहे की नुसते व्हिडिओ, आणि तो तुमच्या औषधांची यादी बघणार का. दोन्हीला नाही म्हणाले तर दुसरीकडे शोधा, आणि उपचार अजून चालू असतील तर आधी तुमच्या डॉक्टरांनाच झोपेबद्दल स्पष्ट सांगा, ते विचारतील म्हणून थांबू नका.