पंप की पट्टी?

प्रोस्टेट काढून वर्ष उलटलं, कीगलचे, म्हणजे लघवी रोखणारे स्नायू आवळायचे, व्यायाम करून कंटाळा आला, तरी खोकला आला की पॅड ओला. हे इथवर आलेल्यांसाठी. इंजेक्शनं पुरुषांना फारशी लागू पडत नाहीत, आणि 'लागली की धरवतच नाही' हा त्रास असेल तर त्याचे उपचार निराळे. म्हणजे बहुतेकांपुढे दोनच वाटा उरतात. स्लिंग, म्हणजे मूत्रमार्गाला खालून उचलून धरणारी जाळीची पट्टी. नाहीतर कृत्रिम स्फिंक्टर, म्हणजे लघवी अडवणारी झडप : मूत्रमार्गाभोवती कफ (पाण्याने फुगणारा पट्टा), अंडकोशात पंप, पोटात पाण्याचा फुगा.

मी वागळे इस्टेटमध्ये जन्मभर फिटर होतो. जिथे पंप, व्हॉल्व आणि नळ्या, तिथे आज ना उद्या पाना लागणार हे मला कुणी सांगायला नको. स्फिंक्टरचंही तसंच आहे. सात-दहा वर्षांनी अनेकांना पुन्हा टेबलावर जावं लागतं. तरी तेवढ्यासाठी मी तो नाकारला नसता.

नाकारला तो अंगठ्यामुळे. ओपीडीत डॉक्टरांनी नमुन्याचा पंप हातात दिला, "दाबून बघा काका." खारकेएवढा, मऊ. लघवीला गेलं की तो चामडीवरून चिमटीत धरून दोन-तीनदा दाबायचा. कफमधलं पाणी फुग्यात जातं, वाट मोकळी होते, दोनेक मिनिटांत कफ आपोआप भरतो. सोपंच आहे. पण माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा पान्यांनी कधीच खाल्लाय. पंप दोनदा बोटांतून निसटून टेबलाखाली गेला. दिवसातून सात-आठ वेळा हे करायचं, तेही ठाणे स्टेशनच्या मुतारीत, मागे रांग, "आजोबा, आटपा" म्हणणारी? तिथेच माझं ठरलं.

स्लिंगला काही दाबावं लागत नाही. मात्र ती सगळ्यांना चालत नाही. चोवीस तासांचे पॅड वजन करून आणायला सांगितले होते. कोरड्या पॅडचं वजन वजा जाता माझी गळती १७० ग्रॅम भरली. (स्वयंपाकघरातला तो काटा सौ.नी नंतर हातात धरला नाही.) आकडा बराच मोठा असेल किंवा रेडिएशन झालं असेल, तर स्फिंक्टरच बरा, असं मलाही वाटतं. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात, २०२१ साली छापलेल्या, वर्षानंतर दोन्हींच्या गळतीत फारसा फरक निघाला नाही. समाधान मात्र स्फिंक्टरवाल्यांचं जास्त. मासुंदा तलावाच्या फेरीतले आमचे एक सोबती पंपवालेच, आणि पॅड विसरलेत. फक्त, कुठेही लघवीची नळी घालायची वेळ आली तर आधी पंप बंद करायला हवा, म्हणून त्यांच्या पाकिटात कायम चिठ्ठी असते.

माझा जाच निराळा होता. सहा आठवडे उकिडवं बसायचं नाही, जड उचलायचं नाही, नाहीतर पट्टी सरकते. गणपती नेमके त्याच दिवसांत आले. आरतीला मी खुर्चीत, नातवंडं खाली. पण स्लिंग फसली तरी नंतर स्फिंक्टर बसवता येतो, हा विचार मला धीर देऊन गेला.

आता तलावपाळीवरच्या हास्यक्लबात मी मोकळेपणी हसतो. पुण्याला एसटीने जायचं असलं की मात्र एक पातळ पॅड अजून लावतोच.