ती कुणाला सांगत का नाही? बाईच्या जिवावर बेतणाऱ्या थरारकथा काही महिने वाचल्यावर

हे लिहायला निमित्त झालं एका ऑडिओबुकचं. नायिका तळघराच्या दाराशी उभी आहे, बाहेर नवऱ्याची गाडी येऊन थांबली आहे, आणि तिथेच फाइल संपली. शेवटची दोन प्रकरणं यादीत दिसत होती, पण वाजत नव्हती. ॲपच्या ग्राहक सेवेला लिहिलं. ॲप काढून पुन्हा टाका, असं उत्तर आलं. टाकलं. मग उत्तर आलं की आमच्याकडची फाइल पूर्ण आहे. प्रकरणांच्या लांबीचे स्क्रीनशॉट पाठवले, तेव्हा बऱ्याच दिवसांनी दुरुस्त फाइल गुपचूप चढवली गेली. दिलगिरीचा एक शब्द नाही, वर्गणीत सवलत तर नाहीच. पैसे आगाऊ घेणाऱ्यांनी एवढं तरी द्यायला हवं.

पण या भांडणात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. शेवटी काय झालं असेल याची मला उत्सुकताच नव्हती. डोक्यात एकच प्रश्न होता: नवऱ्याचा दुसरा फोन तिला तिसऱ्या प्रकरणात सापडला, तो तिने कुणालाच का दाखवला नाही? सख्खी बहीण रोज फोन करते. शेजारची बाई निवृत्त पोलीस आहे. आणि ही फोन परत खणात ठेवते, कणीक मळायला घेते आणि पुढची तीनशे पानं गप्प राहते.

बाईचा जीव धोक्यात असलेल्या थरारकथांचा हा प्रकार मुळात काय असतो ते सांगत बसत नाही. 2012 साली ‘गॉन गर्ल’ आणि 2015 साली ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ ही कादंबरी आली, त्यानंतर या वाटेवर किती गर्दी झाली ते वाचणाऱ्यांना माहीत आहे. दोन काळांत मागेपुढे जाणारी प्रकरणं, मुखपृष्ठावर पाठमोरी बाई, मलपृष्ठावर ‘शेवटच्या पानापर्यंत कळणार नाही’ अशी हमी. माझी तक्रार यातल्या कशाबद्दलही नाही. ती फक्त त्या गप्प बसण्याबद्दल आहे. (पुढे जुन्या कादंबऱ्यांतली वळणं मी फोडली आहेत, नव्यांतली नाहीत.)

एकदा ते खुपायला लागलं की प्रत्येक पुस्तकात तेच दिसतं. बाईला रक्ताचा डाग दिसतो, ती तो पुसते. धमकीची चिठ्ठी येते, ती फाडते. मैत्रीण विचारते, काय झालं गं, तर ‘काही नाही, झोप नीट झाली नाही’. यामागे भीती असेल तर मी समजू शकते. लाज, मुलांची काळजी, पैशाची अडचण, काहीही चालेल. पण पुष्कळ पुस्तकांत यातलं काहीच नसतं. तिने तोंड उघडलं तर कादंबरी शंभराव्या पानावर संपेल, एवढंच कारण असतं. म्हणजे लेखकाची अडचण तिच्या गळ्यात बांधलेली असते, आणि वर वाचकाने तिच्यासाठी जीव मुठीत धरून बसावं अशी अपेक्षा. खोड जुनीच आहे. मेरी रॉबर्ट्स राइनहार्टच्या 1908 च्या ‘द सर्क्युलर स्टेअरकेस’पासून एक घराणंच चालत आलं. त्यातली निवेदिका हातातला पुरावा लपवते आणि मग ‘तेव्हाच कळलं असतं तर’ म्हणून हळहळते.

इथवर मी या साऱ्या प्रकाराला पाचपैकी दोनच तारे दिले असते. वर्गणीची मुदत संपायला अवकाश होता आणि भरलेले पैसे वाया घालवायचे नव्हते, म्हणून ॲपवरच्या जुन्या पुस्तकांकडे वळले. तिथे माझं मत बदलायला लागलं.

विल्की कॉलिन्सची ‘द वुमन इन व्हाइट’ 1859-60 मध्ये साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने आली. नायिका लॉराचा नवरा तिच्यापुढे घडी घातलेला कागद ठेवतो. सहीपुरती जागा उघडी, वरचा मजकूर झाकलेला. ती म्हणते, वाचल्याशिवाय सही करणार नाही. म्हणजे ती गप्प नाही. तिची सावत्र बहीण मेरियन तर मुळीच गप्प नाही. ती वकिलाला पत्रं लिहिते, पावसात छपरावर पडून कट ऐकते, सगळं डायरीत नोंदवते. पण पत्रांना वाटेतच पाय फुटतात. भिजल्यामुळे मेरियन तापाने आडवी होते, आणि आपण वाचत असलेल्या तिच्या डायरीच्या पुढच्या पानावर एकदम वेगळ्या माणसाचा मजकूर सुरू होतो. खलनायकाने डायरी वाचलेली असते, आणि तिच्याच वहीत तो तिच्या हुशारीचं कौतुक लिहून ठेवतो. त्या पानाशी मी थांबले आणि मागे जाऊन पुन्हा वाचलं. इतक्या महिन्यांत कुठल्याही ट्विस्टने मला एवढं हादरवलं नव्हतं.

यात मेरियनने सगळं केलेलं आहे. जे सांगायचं ते सांगितलं, लिहिलं, पाठवलं. तरी काही उपयोग होत नाही, कारण अख्खी व्यवस्थाच नवऱ्याच्या बाजूची आहे. इंग्लंडात विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेचा हक्क थोडाफार मिळाला तो 1870 च्या कायद्याने आणि बऱ्यापैकी मिळाला तो 1882 च्या. कादंबरी त्याआधीची. लॉरा निपुत्रिक वारली तर तिचे 20,000 पौंड नवऱ्याला मिळणार, असं लग्नाच्या करारातच लिहिलेलं. तिला दुसऱ्याच बाईच्या नावाने वेड्यांच्या इस्पितळात टाकलं जातं आणि जगाच्या लेखी ती मेलेली ठरते. ‘मी लॉरा आहे’ असं ती तिथे जितक्यांदा म्हणेल तितकी ती वेडी ठरणार. सांगणं हाच इथे सापळा आहे.

मग मी मुद्दाम सांगणाऱ्या बायका शोधायला लागले. एथेल लिना व्हाइटची 1936 ची ‘द व्हील स्पिन्स’. हिच्यावरून हिचकॉकने 1938 साली ‘द लेडी व्हॅनिशेस’ हा चित्रपट केला. आयरिसला ट्रेनमध्ये भेटलेली प्रौढ बाई नाहीशी होते आणि आयरिस डबाभर सगळ्यांना विचारत सुटते. कुणीच ती बाई पाहिलेली नसते. कटात सामील असलेले थोडेच असतात. बाकीचे साध्या, चांगल्या घरातले लोक. पण कुणाला घरी पोचायला उशीर नको, कुणाला आपलं चोरटं प्रकरण उघड व्हायला नको. आयरिसला नुकतंच ऊन लागलेलं असतं, म्हणून तिला भ्रम झाला असं ठरवणंही सोपं जातं. खलनायकापेक्षा मला त्या सभ्य प्रवाशांची जास्त भीती वाटली.

आयरा लेव्हिनच्या 1967 च्या ‘रोजमेरीज बेबी’त तर रोजमेरी अगदी शहाण्यासारखं वागते. पळून जाते, आधीच्या डॉक्टरला गाठते, सगळं सांगते. तो शांतपणे ऐकतो, तिला आराम करायला सांगतो आणि ज्यांच्यापासून ती पळाली त्यांनाच बोलावून घेतो. हे वाचल्यावर नायिकेला गप्प ठेवून ताण निर्माण करणारे लेखक मला आळशी वाटायला लागले. तिला बोलू द्या. खरा ताण त्यानंतरच सुरू होतो.

‘द गर्ल ऑन द ट्रेन’बद्दलही मत बदललं. पहिल्यांदा वाचताना त्यातल्या नायिकेच्या, रेचलच्या, दारूचा आणि विसरण्याचा वैताग आला होता. आता दिसतं की रेचल पोलिसांकडे जाते, पुन्हा पुन्हा जाते, आणि तिच्यावर विश्वास न ठेवायला त्यांच्याजवळ सबळ कारण असतं. ती दारू कथेत काम करते. नंतर आलेल्या नकलांमध्ये तोच ग्लास आणि झोपेच्या गोळ्या नुसत्या धूर करण्यासाठी ठेवलेल्या असतात. गोळ्यांची बाटली पहिल्या प्रकरणात दिसली की मी पुस्तक बंद करते.

बाईला भोसकून, कोंडून, पाठलाग करून करमणूक विकायची का, हा प्रश्नही महिनोन् महिने हेच वाचताना टाळता येत नाही. 2018 मध्ये स्टॉन्च बुक प्राइझ सुरू झालं ते याच प्रश्नावरून. ज्या थरारकथेत कुठल्याही बाईला मारहाण, पाठलाग, लैंगिक अत्याचार किंवा खून सोसावा लागत नाही, अशा कथेसाठी हे बक्षीस होतं. व्हॅल मॅकडर्मिडसारख्या गुन्हेकथा लिहिणाऱ्या बायकांनीच त्यावर टीका केली. मी टीका करणाऱ्यांच्या बाजूची आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2023 मध्ये जगभरात सुमारे 51,100 स्त्रिया आणि मुली जोडीदाराच्या किंवा घरच्याच माणसाच्या हातून मारल्या गेल्या. मुद्दाम केलेल्या हत्यांत बळी गेलेल्या स्त्रियांपैकी त्या जवळपास 60 टक्के. खलनायक घरातलाच निघतो यात अतिशयोक्ती नाही. धोका लिहायलाच हवा. माझी हरकत आहे ती बाईला धोक्यात ठेवण्यासाठी मठ्ठ करण्याला.

ऑडिओबद्दल थोडक्यात. अशा कादंबऱ्या ऐकू नका, वाचा. वाचक-कलाकार चांगला असला तरी गुन्हेगाराच्या आवाजात दुसऱ्याच भेटीत काहीतरी चिकट येतं आणि सगळं कळून जातं. शिवाय मेरियनच्या डायरीचं ते पान ऐकण्यात निम्मं वाया जाईल. ॲपच्या शिफारशींवरही विसंबू नका. एक पाठमोरी बाई ऐकली की पुढे सगळ्या पाठमोऱ्याच येतात.

वर्गणी मी पुढे चालू ठेवणार नाही. त्या पैशांत मोजकी पुस्तकं घेईन, आणि घेताना पहिल्या शंभर पानांत एकच गोष्ट तपासेन: तिने कुणाला सांगितलं का, आणि नसेल तर तिला कुणी किंवा कशाने अडवलंय. एकच पुस्तक घ्यायचं असेल तर सिलिया फ्रेमलिनची ‘द अवर्स बिफोर डॉन’ घ्या. 1958 ची आहे, 1960 साली तिला रहस्यकथांसाठीचा अमेरिकेतला एडगर पुरस्कार मिळाला. रात्रभर रडणारं तान्हं बाळ, झोपेविना गळून गेलेली आई लुईस, आणि घरात भाड्याने राहायला आलेली एक शिक्षिका. लुईसला काहीतरी खटकतं, पण नवऱ्याला झोप हवी आहे, शेजारणीला शांतता हवी आहे, आणि स्वतः लुईसला आपण जागेपणी पाहिलं की डुलकीत हेच ठरवता येत नाही. आकाराने लहान आहे, दोन बैठकांत संपते. घरात तान्हं मूल असेल तर ते रात्रभर झोपायला लागेपर्यंत थांबा आणि मग वाचा.